आमचा ओबी आणि मदर ग्रिग्जची आठी

माझा दीर ओबेदाया टारव्हर. सगळं डोव्हर क्रॉसिंग गाव त्याला ओबी म्हणायचं, आणि तेही कुणी मेलं की मगच. "ओबीला सांगा," एवढंच. मग ओबी फावडं खांद्यावर टाकून माउंट नेबो चर्चमागच्या दफनभूमीत जायचा आणि खड्डा खणायचा. त्याच्या बापानं तेच केलं, बापाच्या बापानंही तेच. टारव्हरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे गाव खाली घातलं, पण वर त्यांना कुणी कधी खुर्ची दिली नाही.

मी अर्लीन, ओबीच्या थोरल्या भावाची बायको. मी केस करते, तापल्या कंगवीनं सरळ करून बसवते. जिवंत बायकांचे माझ्या पडवीत आणि मेलेल्यांचे पेटिफर्डसाहेबांच्या फ्युनरल होममध्ये, म्हणजे मढी पुरायच्या आधी सजवतात तिथं. खरं सांगू का, मेलेल्या बऱ्या. मान हलवत नाहीत, शेजारणीच्या चुगल्या सांगत नाहीत, आणि "अगं, कान भाजला ना माझा!" म्हणून बोंबलत नाहीत.

आमच्या भागात काळ्या माणसाला वाटा तीनच. लाकडाची गिरणी, पांढऱ्या मातीची खाण, नाहीतर रेल्वेचे रूळ. तिन्हीकडे पाठ मोडते, फक्त वेगवेगळ्या मणक्यात. सकाळी घातलेला शर्ट संध्याकाळी तसाच पांढरा घेऊन घरी येणारे म्हणजे पाद्री, शाळामास्तर आणि पेटिफर्डसाहेब. त्यातल्या पाद्र्याला मंडळी हाकलू शकते, मास्तरला गोऱ्यांचं शाळाबोर्ड. पेटिफर्डसाहेबांना कोण हाकलणार? गोऱ्यांना आमच्या मढ्यांना हात लावायचा नव्हता, म्हणून आमची मढी आमचीच राहिली. लांबलचक काळी गाडी, पांढरे हातमोजे, सोन्याचं घड्याळ. बँकेचा गोरा मॅनेजरसुद्धा त्यांच्याशी उभा राहून बोलायचा. आमचा ओबी हे सगळं दफनभूमीच्या टोकाला, झाडामागं फावडं घेऊन उभा राहून बघायचा. लोक पांगल्याशिवाय खड्डेवाल्यानं पुढं यायचं नाही, असा आमच्यात रिवाजच आहे.

एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "वहिनी, मी कॉलेजला जाणार."

माझ्या घशात मक्याची भाकरी अडकली. "कसल्या कॉलेजला?"

"अटलांटाला. पुरायच्या आधी प्रेत धुऊन, सजवून तयार करायचं शिकवतात. मग सरकारी परीक्षा. मग परवाना."

माझा नवरा ल्यूथर हसून हसून टेबलावर पडला. "अरे, लोक वर जायला शिकतात. तू पुरायला शिकणार? त्यात तर तू जन्मजात पंडित आहेस!"

"पुरायला नाही रे दादा," ओबी शांतपणे म्हणाला. "पुढच्या दारानं आत जायला."

ल्यूथरनं हसू आवरलं आणि भाकरीची टोपली त्याच्याकडे सरकवली.  

गावानं मात्र तोंड सोडलं. चाळिशीला टेकलेला माणूस शाळेत जातो म्हणजे करमणूकच. कॉलेजात घेण्याआधी कसलीशी परीक्षा होती, तिच्यासाठी तो शरीरातल्या नसांची लॅटिन नावं पाठ करायचा. कुठं? तर खड्ड्यात. जुलैत आमच्याकडे खड्ड्याइतकी गार जागा दुसरी नाही. अर्धा खणून झाला की मेला आत बसायचा, सँडविच खायचा आणि मोठ्यानं नसा म्हणायचा. एकदा ब्रदर लॉटनच्या (चर्चमध्ये आम्ही सगळेच ब्रदर नाहीतर सिस्टर) दफनाला त्यांच्या दोन मावश्या लवकर आल्या आणि रिकाम्या खड्ड्यातून लॅटिन ऐकू आलं. एकीनं चप्पल तिथंच सोडली. दुसरी आजही माउंट नेबोला येत नाही, पलीकडच्या मेथडिस्टांच्या चर्चात गेली. पाद्रीबुवा ओबीवर भडकले ते मावशीसाठी नव्हे, तिच्या दर रविवारच्या दानाच्या पाकिटासाठी.

पण तो गेला. अटलांटात कुणाच्या तरी शवगाड्या धुऊन शिकला, परत आला, सरकारी परीक्षा दिली आणि पास झाला. पेटिफर्डसाहेबांनी त्याला हाताखाली घेतलं आणि त्याचा परवाना चौकटीत घालून पुढच्या खोलीत लावला. मी नवा ड्रेस घालून तो बघायला गेले आणि तिथंच रडले. लोकांनीही येऊन बघितला. "छान आहे हं ओबी," म्हणाले, "बरं, आत्याचा खड्डा जरा सावलीत घे."

हे असं चाललं. कुणाकडे मयत झालं की घरचे पेटिफर्डसाहेबांचा हात धरून म्हणायचे, "साहेब, तुमच्या हातानं करा हं. ओबी नको. त्याच्या नखांत माती असते." नखांत माती! तो माणूस कपडे धुवायच्या ब्रशनं नखं घासायचा, बोटांची सालं निघेपर्यंत. भिंतीवर परवाना आणि हातात फावडं. मला तर वाटायचं, तो परवाना काढून एकेकाच्या डोक्यात घालावा, काचेसकट.

या सगळ्यांची पुढारी होती मदर ओझेला ग्रिग्ज. आमच्या चर्चच्या मदर म्हणजे पहिल्या बाकावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसणाऱ्या वडीलधाऱ्या बाया. इतर मदर डुलक्या काढायच्या. ही कधीच नाही. हिच्या डाव्या भुवईवर एक आठी होती. ती वर चढली की गाणाऱ्या बाईचा सूर पडायचा, पाद्रीबुवांचं प्रवचन आटपायचं, आणि मागच्या बाकावरची पोरं च्युइंगम गिळून टाकायची. मुलीच्या लग्नातही ती आठी उतरली नव्हती. उलट त्या दिवशी जरा जास्तच वर होती, कारण नवरा मुलगा आमच्या बॅप्टिस्ट पंथातला नव्हता.

ओबीचा परवाना बघायला ती आली. चष्मा लावून वाचला. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "फावडेवाल्याचा हात मला लागला, तर मी पेटीत उठून बसेन. सांगून ठेवते."

आणि मग काय झालं? पेटिफर्डसाहेब जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि पलंगाला खिळले. आणि त्याच आठवड्यात मदर ग्रिग्ज वाटाणे सोलता सोलता खुर्चीत गेल्या. बाईंना वेळ साधायची अक्कल कधीच नव्हती.

त्यांची मुलगी विल्मा जीन डेट्रॉइटहून आली. तिच्यापुढे पर्याय दोनच होते: ओबी, नाहीतर आईला शेजारच्या परगण्यात परक्यांकडे पाठवायचं. परक्यांकडे म्हणजे गावात नाचक्की. ती दात आवळून हो म्हणाली.

पेटिफर्डसाहेबांनी घरून फोन केला. मी ओबीच्या शेजारीच होते, आणि साहेबांचा आवाज आख्ख्या खोलीला ऐकू जाण्यासारखा. "हे बघ ओबी. मला मूलबाळ नाही, आणि आता पायही नाही. मेकन शहरातले लोक हे सगळं विकत घ्यायला टपलेत. ते आपली माणसं आणतील. तू मदर ग्रिग्जला तयार कर. लोक पेटीपाशी येऊन 'अगदी तीच' म्हणाले, तर मी विकत नाही, पुढचं दार तुझं. नाही म्हणाले, तर मागच्या दाराशी तुझं फावडं आहेच."

आमच्यात पेटी उघडी असते. माणसं रांगेनं येतात, वाकून बघतात, आणि निकाल देतात. फुलं किती, पेटी कुठली, गाणी कोण म्हणालं हे सगळं नंतर. आधी चेहरा. 'अगदी तीच दिसते गं' असं चार बायकांनी म्हटलं की घरच्यांचं निम्मं दुःख हलकं होतं. आणि नाही म्हटलं तर ती गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत चघळली जाते.

ओबीनं जीव ओतला. मी केस करायला आत गेले तेव्हा जरा भीतच गेले, न जाणो, बाई खरंच उठून बसायची. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, पण माझ्या हातात तापलेली कंगवी होती आणि ती मदर ग्रिग्ज होती. म्हटलं, "मदर, मी अर्लीन हं. ओबी नाही." त्या उठल्या नाहीत. रंग तर ओबीनं असा जमवला होता की मी तोंडात बोट घातलं. कॉलेजनं दिलेल्या डब्यातल्या पावडरी कुणा गोरीच्या गालांसाठी केलेल्या. त्यानं स्वतः घोटून घोटून मदर ग्रिग्जचा तो दाट तपकिरी रंग तयार केला होता. कातडी तजेलदार, हात एकावर एक, पांढरी टोपी, पांढरा ड्रेस. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

शुक्रवारी दुपारी विल्मा जीन बघायला आली. गावाला संध्याकाळी सहाला यायचं होतं, घरच्यांनी आधी बघायची पद्धत. ओठ लालभडक, नखं लालभडक, डेट्रॉइटची चाल. ओबी पांढरे हातमोजे घालून पेटीच्या उशाशी उभा. ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण?" ती म्हणाली.

ओबीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही माझी आई नाही," विल्मा जीन म्हणाली. "कपडे तिचे आहेत. टोपी तिची आहे. पण ही... ही कुणाची तरी गोड आजी आहे. माझ्या आईला काय केलंत तुम्ही?" आणि ती रडायला लागली. रडणं दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. "सहापर्यंत ही अशीच असेल तर मी हिला इथून हलवते. आणि सगळ्या गावाला सांगते का हलवलं ते!"

दार आपटून ती गेली. ओबी खाली खुर्चीत बसला. हातमोजे काढले, नीट घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवले. "वहिनी, हे तुम्ही ठेवा. लोक बरोबर म्हणत होते. मी खड्डेच खणावे."

माझं डोकं फिरलं. "मुडद्या, ऊठ! आधी त्या बाईकडे बघ. काय दिसतंय तुला?"

"शांत दिसतायत. कॉलेजात सांगितलंय, मृताच्या चेहऱ्यावर शांती दिसली पाहिजे. ओठांचे कोपरे किंचित वर, कपाळ मोकळं..."

"कुणाची शांती रे? मदर ग्रिग्ज कधी अशा शांत दिसल्या असत्या तर आपण डॉक्टर बोलावला असता!"

 त्यानं वळून पेटीकडे बघितलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मदर ग्रिग्जची मेल्यावरही जायला नको होती, आणि या शहाण्यानं ती पुसून टाकली होती. बाईंच्या कपाळावरची आठी काढली म्हणजे बाईच काढल्या. मग राहिलं काय, टोपी?

"पण ती आठी नेमकी कशी होती?" ओबी म्हणाला. "विल्मा जीननं दिलेल्या फोटोत त्या हसतायत."

"फोटोवाल्यानं दम देऊन हसवलं असेल. तू इतकी वर्षं कधी बघितली नाहीस ती आठी?"

"बघितली ना. खालून." तो एकदम उठला. "वहिनी, मी सगळं गाव खालूनच बघितलंय. ग्रिग्जबाबांचा खड्डा खणत होतो तेव्हा त्या वर काठावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, डावा कोपरा वाकडा आहे. स्वतःचा नवरा मेलेला, आणि कोपरा बघत होत्या! वहिनी, तुम्ही स्टुलावर उभ्या राहा बरं."

"कशाला?"

"राहा तर."

तर माझं हे धूड मी स्टुलावर चढवलं. ओबी खाली जमिनीवर उकिडवा बसला, बरोबर खड्ड्यात बसल्यासारखा. "आता माझ्याकडे बघा. म्हणा, डावा कोपरा वाकडा आहे."

"डावा कोपरा वाकडा आहे," मी म्हटलं.

"असं नाही. तुम्ही चिडल्यासारखं म्हणताय. त्या चिडलेल्या नव्हत्या. त्या... घाबरल्या होत्या बहुतेक. खड्डा सरळ असला म्हणजे सगळं ठीक होईल, असं वाटत होतं त्यांना."

हे ऐकून मला स्टुलावरच रडू आलं. सगळी हयात ती बाई आम्हाला छळत राहिली, आणि तिच्या कपाळावर काय लिहिलंय ते या खड्डेवाल्यानं वाचलं होतं. मी डोळे पुसले आणि पुन्हा म्हटलं. या वेळी त्यानं मान हलवली.

मग तो कामाला लागला. ओठांखाली भरलेला कापूस काढला, पुन्हा बसवला, घट्ट. आठीसाठी भुवईपाशी मेण लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. मध्येच खाली बसून वर बघायचा, मध्येच मला स्टुलावर चढवायचा. माझे गुडघे गेले ते त्या दुपारपासून. टोपी आठी झाकणार नाही इतपत पुढं ओढली, कारण त्या ती कपाळावर ओढूनच घालायच्या, म्हणजे त्यांची नजर कुणावर पडतेय ते लोकांना कळायचं नाही. तो बाजूला झाला आणि मी पेटीत बघितलं. बघितलं आणि ब्लाउजचं वरचं बटण लावलं. हात आपोआप गेला.

सहा वाजता गाव आलं. मागच्या खोलीत तळलेली कोंबडी, वाल आणि केक मांडलेला. बटाट्याचं सॅलड कुणी केलंय हे विचारून झाल्याशिवाय आमच्यात त्याला कुणी हात लावत नाही, त्यामुळे तेही मागं कुजबुजत चाललं होतं. दाराजवळच्या टेबलावर ओबीनं फोन उचलून आडवा ठेवला होता, तारेच्या दुसऱ्या टोकाला घरी पलंगावर पेटिफर्डसाहेब कान लावून. ओबी उशाशी उभा, हातमोज्यांतले हात मागं बांधलेले. 

विल्मा जीननं कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. तरातरा आली, भांडायच्या तयारीनंच आली. वाकली.

आणि थांबली. तिचे दोन्ही हात हळूच पाठीमागं गेले. पन्नाशीची बाई, डेट्रॉइटला ऑफिसात चाळीस माणसांवर हुकूम सोडणारी, लाल नखं पाठीमागं लपवून उभी राहिली.

"हो आई," ती पुटपुटली. "पुसते. आत्ता पुसते."

आणि तिनं जवळच्या रुमालानं ओठांवरचा लाल रंग खरंच पुसला. मग गुडघ्यांवर बसली, पेटीच्या काठावर डोकं टेकलं, आणि आईसाठी रडली. मागं रांगेतल्या सिस्टर व्हर्डेलनं टाचा उंचावून आत बघितलं आणि झटकन सरळ उभी राहिली. चर्चच्या गाणाऱ्यांतला एक जाडजूड गडी आपल्या शर्टाचं टोक पँटीत खोचायला लागला. "अगदी तीच" असं एकही माणूस म्हणालं नाही. कुणाची टाप होती तिच्यासमोर बोलायची?

ओबी कावराबावरा होऊन माझ्याकडे बघायला लागला. त्याला जे शब्द हवे होते ते आलेच नव्हते. मी फोन उचलला.

"साहेब, ऐकलंत?"

"विल्मा जीनचं ऐकलं," पेटिफर्डसाहेब म्हणाले.  नाक ओढल्याचा आवाज आला. "ओबीला सांग, खड्ड्यासाठी दुसरा माणूस बघ म्हणावं."

मी फोन खाली ठेवला. सांगायला वळते तोच तो वाजला. एक पुरुषाचा आवाज, रडून बसलेला. आवाज ओळखीचा नव्हता, रुळांपलीकडच्या काळ्यांच्या वस्तीतला कुणी असावा. त्याचे वडील तासाभरापूर्वी गेले होते.

"मिस्टर टारव्हर आहेत का?"

"राँग नंबर," म्हणून मी ठेवून दिला.

माझा काय दोष? टारव्हरांच्या घरात आजवर कुणी मिस्टर झालंच नव्हतं. माझ्या सासऱ्याला पोरंसुद्धा नावानं हाक मारायची, माझ्या नवऱ्याला गिरणीतला मुकादम अजून 'ए' म्हणतो. मी तशीच फोनवर हात ठेवून उभी राहिले, आणि मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी देवाला म्हटलं, बापा, त्याला पुन्हा फोन करायची बुद्धी दे.

फोन वाजला. मी तो ओबीपुढं धरला.

"घे मेल्या," मी म्हटलं. "तुझाच आहे."